आप्पांचा विटा

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी पीएलसीचे प्रोग्रॅम लिहितो. कन्व्हेयरवर जॉब आला का, सिलिंडर पुढं गेला का, गार्डचं दार बंद आहे का, हे यंत्राला सारखं विचारत राहायचं आणि उत्तर मिळालं की पुढचं काम सांगायचं, असा हा धंदा. डिप्लोमा मेकॅट्रॉनिक्सचा आहे, प्रमाणपत्र फाइलला लावलेलं आहे. पण यंत्राला विचारायचं कसं, हे मला कॉलेजच्या आधीच आमच्या उचगावातल्या गल्लीतल्या आप्पांनी शिकवलं. तेही एका व्हिडिओ गेममधली तलवार नीट चालावी म्हणून. तो गेम आप्पा स्वतः कधीच खेळले नाहीत. माउससुद्धा त्यांनी हातात धरला नाही. मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते फक्त वाचायचे.

तो गेम म्हणजे माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मोजांगनं तो २००९ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढं आणला, २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अडीच अब्ज डॉलर मोजून मोजांग विकत घेतली. या गेमात जिंकायची सक्ती नाही. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं, एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. खणायचं, रचायचं, रात्री झोंबी आले की लढायचं. लढायला तेव्हा लाकडापासून हिऱ्यापर्यंतच्या तलवारी, धनुष्य, त्रिशूळ. एवढ्यावर दहावीतल्या पोराचं समाधान होणार कसं? मला अशी तलवार हवी होती, की वार बसला रे बसला की निरभ्र आभाळातून त्या झोंबीवर वीज कोसळावी. गेममध्ये वीज पाडणारी एक जादू होती, पण ती फक्त त्रिशूळाला लागायची आणि वादळ असेल तरच चालायची.

अशी शस्त्रं हवी असली की बहुतेक जण मॉड टाकतात. म्हणजे बाहेरच्या कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम गेमला जोडतात, तो गेमची आतली यंत्रणाच बदलतो. आमच्या घरी ते जमण्यासारखं नव्हतं. वडील गांधीनगरच्या कापडपेठेत एका होलसेल दुकानात हिशेबाला. दुकानानं बिलिंगसाठी नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना आमच्या घरी आला. चार जीबी रॅम. नुसता गेम चालवायचा तरी लांबचं दिसणं अगदी कमी करावं लागायचं, तेव्हा कुठं चित्र हलायचं. नेट म्हणजे वडिलांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी, तोही घरात सगळ्यांत मिळून. शिवाय मित्रांबरोबर खेळायचं तर तोच मॉड प्रत्येकाच्या मशिनवर लागतो, आणि त्यांचीही मशिनं माझ्यासारखीच.

पण गेमच्या पोटातच एक वाट होती. २०१२ मध्ये माइनक्राफ्टमध्ये कमांड ब्लॉक आला: आत एक आज्ञा लिहायची, वीज दिली की ती चालते. २०१६ मध्ये स्वतःहून सारखे चालणारे जांभळे ब्लॉक आणि साखळीनं चालणारे हिरवे ब्लॉक आले. २०१७ मध्ये आज्ञांची यादी साध्या मजकूर फाइलीत लिहून ती एका दमात चालवायची सोय झाली, आणि २०१८ च्या जुलैत डेटापॅक. नोटपॅडमध्ये फाइल लिहायची, जगाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, गेममध्ये रीलोड म्हणायचं. गेम सेकंदाला वीस वेळा, म्हणजे दर 'टिक'ला, ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचतो. बाहेरचं काही जोडायचं नाही. आपल्या मशिनवर चालू असलं की जोडलेल्या मित्रांनाही ते आपोआप दिसतं, त्यांना काही टाकावं लागत नाही.

वाट होती, पण तिच्यावरून चालायचं कसं हे सांगणारं आसपास कुणी नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

आप्पा आमच्या शेजारचे. शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनवर होते. फौंड्रीतून आलेलं कच्चं कास्टिंग फिक्स्चरला बांधायचं, प्रोग्रॅम लावायचा, मशीन फेस मारणार, होल पाडणार, आटे पाडणार. कोल्हापूर भागात असं काम करणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळं त्यात विशेष काही आहे असं आम्हा पोरांना कधी वाटलं नाही. रात्रपाळी करून सकाळी आप्पा दुचाकीवरून यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला कूलंटचा वास असायचा. बोलणं मोजकं. गल्लीत पोरांचा दंगा चालू असला तरी खिडकी लावून झोपून टाकायचे, कुणावर ओरडायचे नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं उचगाव नदीच्या अलीकडं, शिरोली पलीकडं. हायवेवर शिरोलीजवळ पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला. आमच्या बाजूला, तावडे हॉटेलजवळ, ट्रकांच्या रांगा लागल्या. ड्रायव्हर लोक ट्रकाखालीच स्वयंपाक करत होते, गावातली मंडळी त्यांना भाकरी-आमटी नेऊन देत होती. शाळा बंद, पेठ बंद. आप्पा कामावर जाऊ शकत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच ते इतके दिवस सलग घरी असतील. सकाळी ट्रकवाल्यांसाठी पाण्याचे कॅन ओढायचे, दुपारी मात्र करायला काही नाही. अशाच एका दुपारी वडिलांशी गप्पा मारायला आले आणि माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"काय कराल्यास रं?"

"तलवार करालोय आप्पा. मारलं की वीज पडाय पाहिजे."

"मग पडंना व्हय?"

"पडालीय की. थांबंना झालीय."

मोठ्या माणसांची इथं ठरलेली वाक्यं असतात: अभ्यास कर, डोळे खराब होतील, यानं पोट भरणार आहे का. आप्पांनी यातलं एकही वाक्य म्हटलं नाही. खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "लिव्हलंयस काय ते दाखीव."

माझी आज्ञा अशी होती. या गेममध्ये कुठल्याही प्राण्याला इजा झाली की त्याच्या अंगावर एक आकडा चढतो, हर्टटाइम. तो दहा होतो आणि दर टिकला एकेक उतरत शून्यावर येतो. म्हणून मी लिहिलं होतं: ज्याचा हर्टटाइम दहा आहे, त्याच्यावर वीज पाड. वाचायला सरळ. चालवलं की कहर. झोंबीला मारलं की वीज पडायची; विजेनं तो पेटायचा; पेटला की दर सेकंदाला त्याला इजा; इजा झाली की हर्टटाइम पुन्हा दहा; की पुन्हा वीज. टेकडीवरून पाय घसरून पडलेल्या मेंढीवरही वीज. शेजारच्या गावकऱ्यावर पडली तर त्याची चेटकीण व्हायची, कारण या गेमात वीज पडलेल्या गावकऱ्याचं तेच होतं.

आप्पांनी मला ती आज्ञा मराठीत सांगायला लावली. मग म्हणाले, "मार लागला काय, एवढंच तू इचारलंस. कुणी मारलं, ते इचारलंस काय? कशानं मारलं, ते? मशिनला अक्कल नसती बाळा. तू जेवढं इचारशील तेवढंच ते सांगणार."

त्या दुपारी त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहून दिले. कुणी केलं? कशानं केलं? कितव्यांदा? तलवारीचा सगळा घोळ या तीन प्रश्नांनी सुटला. 'कुणी' यासाठी झोंबीकडं बघायचं सोडून खेळाडूकडं बघायचं. गेममध्ये स्कोअरबोर्ड नावाची सोय आहे, खेळाडूनं स्वतः किती इजा केली याचा आकडा ती राखते. विजेनं किंवा आगीनं झालेली इजा त्या आकड्यात येत नाही, त्यामुळं साखळी तिथंच तुटली. 'कशानं' यासाठी तलवारीच्या पोटात एक छुपी खूण ठेवायची आणि हातात त्याच खुणेची तलवार आहे का ते तपासायचं. मी आधी तलवारीच्या नावावरून ओळखायचा विचार केला होता. आप्पा म्हणाले, नाव कुणीबी देईल. खरंच होतं. ऐरणीवर कुठल्याही तलवारीला कुणीही तेच नाव देऊ शकतो. ही आतली खूण मात्र आज्ञेशिवाय घालता येत नाही. दोन्ही जुळलं की सहा ब्लॉकच्या आतला, नुकताच इजा झालेला सगळ्यात जवळचा शत्रू शोधायचा आणि त्याच्यावर एकदा वीज.

'कितव्यांदा' हा प्रश्न मला कळला नव्हता. त्यासाठी आप्पांनी त्यांच्या कामातलं उदाहरण दिलं. व्हीएमसीच्या प्रोग्रॅममध्ये मॅक्रो लिहिता येतो, त्यात हॅशचं चिन्ह आणि नंबर देऊन आकडे साठवता येतात. एका टूलच्या इन्सर्टनं ठरावीक जॉब झाले की इन्सर्ट बदलायचा, म्हणून दर जॉबला एक आकडा वाढवायचा. आकडा मर्यादेला पोचला की मशीन अलार्म देऊन थांबतं. ऑपरेटर इन्सर्ट बदलतो. पण आकडा परत शून्यावर आणला नाही तर? पुढच्या जॉबला पुन्हा अलार्म. त्याच्या पुढच्याला पुन्हा.

"काम झालं की झिरो कर," आप्पा म्हणाले. माझ्या तलवारीतही तेच होतं. इजेचा आकडा शून्यावर आणला नाही तर गेमला दर टिकला वाटत राहणार, की आत्ताच वार झाला. शेवटी एक ओळ टाकली, खेळाडूचा आकडा शून्य. रीलोड. झोंबीला एक वार, एक वीज. दुसरा वार, दुसरी वीज. आप्पांनी मेंढीला टेकडीवरून ढकलून बघायला लावलं. मेंढी पडली, आभाळ गप्प.

पूर ओसरेपर्यंत दुपारची अशी बैठक पडत गेली. वीज येत-जात होती; आली की कॉम्प्युटर, गेली की वही. मला आज वाटतं, वहीचाच भाग मोठा होता. व्हीएमसीवर नवा प्रोग्रॅम लावला की ऑपरेटर तो थेट पळवत नाही. आधी जॉबशिवाय ड्राय रन, मग सिंगल ब्लॉक: बटण दाबलं की एकच ओळ चालते, मशीन थांबतं, टूल कुठं आलं ते बघायचं, मग पुढची. कास्टिंग महाग, टूल महाग, स्पिंडल तर त्याहून महाग. एक चुकीचा आकडा आणि टूल फिक्स्चरमध्ये घुसतं. माझ्याकडं मोडण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी सगळं एकदम चालवून बघायचो. आप्पांनी ते बंद केलं. प्रत्येक ओळीनंतर गेमनं चॅटमध्ये काहीतरी बोलावं अशी एक जादा आज्ञा घालायला लावली: 'वार झाला', 'तलवार तीच', 'शत्रू सापडला'. कुठल्या शब्दानंतर गप्प बसला, तिथं दुखणं. आज पॅनेल चालू होत नाही तेव्हा मी हेच करतो. नवख्या पोरांना वाटतं याला अनुभव फार. अनुभव आप्पांचा आहे.

त्यांच्या मॅक्रोमधल्या आकड्यांची आणखी एक गंमत होती. हॅश शंभरपासूनचे आकडे मशीन बंद केलं की पुसले जातात. हॅश पाचशेपासूनचे बंद केल्यावरही राहतात. म्हणून आप्पांच्या बोलण्यात एक लकब आली होती. बाजारातून आणायच्या वस्तू त्यांच्या लेखी शंभरात. लक्षात ठेवायची गोष्ट असली की म्हणायचे, "हे पाचशेत टाक." 'काम झालं की झिरो कर' हे माझ्या पाचशेतलं पहिलं.

मला सगळ्यात आवडलेला धडा गाजराचा. तलवारीनं मारणं गेमला कळतं, पण मला एक काठी हवी होती, जी नुसती रोखून उजवं बटण दाबलं की आगीचा झोत जावा. आता साध्या काठीचं उजवं बटण दाबलं तर गेमच्या दृष्टीनं काही घडतच नाही, त्याची नोंद होत नाही. मी अडकलो. आप्पांनी विचारलं, "उजव्या बटनाची नोंद कशाकशाची हुती?" मी यादी काढली. त्यात एक वस्तू होती, डुकराला पळवायला काठीला टांगलेलं गाजर. डुकरावर बसलेलं नसतानाही उजवं बटण दाबलं की 'गाजर वापरलं' असा आकडा एकानं वाढतो. "मग गाजरच घे की," आप्पा म्हणाले. "सिग्नल कुठनं आला याच्याशी आपल्याला काय करायचंय?" गाजराच्या काठीला नाव दिलं, खूण घातली, वापराचा आकडा धरला, काम झालं की शून्य. पुढं मला कळलं की जगभर ही शस्त्रं करणारे लोक हीच गाजराची युक्ती वापरतात. आप्पांना ती गेम न खेळता सापडली होती.

झोत पुढं कसा न्यायचा, यावर मात्र त्यांची-माझी खडाजंगी झाली. डेटापॅकमध्ये एक फाइल स्वतःलाच पुन्हा बोलावू शकते. डोळ्यांपासून अर्धा ब्लॉक पुढं जा, ठिणगी टाक, शत्रू आहे का बघ, नसेल तर हीच फाइल पुन्हा चालव. असं करत झोत सरळ रेषेत जातो आणि सगळं एकाच टिकात होतं. आप्पा मान हलवायचे. "प्रोग्रॅम स्वताला बोलवतोय? आमच्यात अलार्म येतोय." त्यांच्या मशिनवर उपप्रोग्रॅमच्या आत उपप्रोग्रॅम ठरावीक पातळ्यांपर्यंतच चालतो. गेमची मर्यादा ६५,५३६ आज्ञांची, हे सांगितल्यावर ते थोडे निवळले. तरी थांबायची अट पहिल्या ओळीत लिहायला लावलीच. "आधी थांबायचं कुठं ते ठरीव. मग निघ."

आणि मग आप्पांनीच एक शस्त्र मागितलं.

त्यांचं आजोळ कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. लहानपणी सुट्टीला तिकडं असत तेव्हा वस्तादांकडं मर्दानी खेळ शिकले होते: लाठी, फरी-गदगा, पट्टा, विटा. दांडपट्टा सगळ्यांना माहीत असतो. २०२४ च्या शिवजयंतीला तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्रही झाला. विटा त्या मानानं मागं राहिला. आखूड भाल्यासारखं हत्यार, टोकाला पातं, मागच्या बाजूला मनगटाला बांधलेला दोर. फेकायचा, आणि दोराला हिसडा देऊन परत हातात घ्यायचा. फेकणं कुणालाही येतं, आप्पा म्हणाले, परत घेताना पातं स्वतःला लागू न देणं हा खेळ. गेममधला त्रिशूळ बघून त्यांना विटा आठवला होता. "ह्याला दोर लाव."

त्रिशूळाला 'लॉयल्टी' नावाची जादू लावता येते. मग तो फेकला की शत्रूला किंवा जमिनीला लागून परत मालकाकडं येतो. पण लागल्याशिवाय येत नाही. नेम चुकला तर लांब जाऊन कुठंतरी रुततो आणि मग निवांत परततो. विट्यात दोर संपला की हत्यार थांबलं पाहिजे, आणि खेळाडूनं मध्येच हिसडा दिला तर अर्ध्या वाटेतून वळलं पाहिजे. मी त्रिशूळाचा वेग उलटा करायच्या मागं लागलो. तो वेडावाकडा जायचा. आप्पांनी पुन्हा प्रश्नच विचारला, "ते परत यायचं कवा ठरवतंय?"

मी उडत्या त्रिशूळाची सगळी माहिती गेमकडून छापून घेतली. त्यात एक नोंद होती: डील्ट डॅमेज, म्हणजे वार करून झाला का. फेकताना शून्य. लागला की एक. आणि एक झाल्यावरच लॉयल्टी त्याला माघारी बोलावते. मग त्रिशूळाला ओढायची गरजच काय? तो सहा ब्लॉकपलीकडं गेला किंवा खेळाडू वाकला, की ही नोंद एक करून टाकायची. आपला वार झालेला आहे अशी त्याची समजूत झाली, की तो स्वतःच वळतो. वाकण्याचं बटण आमचा हिसडा झालं. दोर काढायला झोताचीच फाइल वापरली, फक्त ठिणगीऐवजी तपकिरी कण, आणि थांबायची अट त्रिशूळ. फेकला की मनगटापासून दोर ताणत जायचा, हिसडा दिला की आखडत यायचा.

आप्पा पुष्कळ वेळ बघत राहिले. "परत येताना लागत न्हाई व्हय कुणाला?" नाही लागत, मी म्हटलं, एकदा वार झाला असं ठरलं की परतीच्या वाटेवर तो कुणालाच लागत नाही. "मग सोपं हाय," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "पण बरं केलंस."

हायवे सुरू झाला, आप्पा शिफ्टला लागले. आमच्या घरी एकाच हॉटस्पॉटवर मित्रांची मशिनं जोडून आम्ही विट्याच्या लढती खेळलो. पुढं दहावीची परीक्षा, मग डिप्लोमा. दुसऱ्या वर्षी पीएलसी आलं. सरांनी फळ्यावर लिहिलं: पीएलसी प्रोग्रॅम एकदा चालत नाही, इनपुट वाच, प्रोग्रॅम सोडव, आउटपुट दे, पुन्हा पहिल्यापासून, अखंड. वर्गाला ते पचायला वेळ लागला. मी सेकंदाला वीस वेळा वाचल्या जाणाऱ्या फाइलीत वाढलो होतो. मग आलं रायझिंग एज: बटण दाबून धरलं तरी काम एकदाच झालं पाहिजे. पोरं गोंधळली, कारण बटण दाबलेलं असेपर्यंत प्रोग्रॅम शेकडो वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत त्याला बटण दाबलेलंच दिसतं. मला त्या बाकावर टेकडीवरची मेंढी दिसत होती.

पहिला पगार झाला तेव्हा पेढे घेऊन आप्पांकडं गेलो. पाया पडलो आणि म्हटलं, तुमच्यामुळं झालं. त्यांना ते पटलं नाही. "मी काय शिकवलं? तूच करत हुतास, मी बसलो हुतो." खोटा विनय नव्हता तो. त्यांच्या हिशेबी शिकवणं म्हणजे मशिनवर उभं करून हातात स्पॅनर देणं. रिकाम्या दुपारी पोराच्या मागं बसणं ही काही देण्याघेण्याची गोष्ट नव्हे. माझ्या हिशेबी हीच मोठी. रात्रपाळ्या करून शिणलेला, पूर कधी ओसरेल आणि पडलेला खाडा कसा भरून निघेल या चिंतेतला माणूस एका पोराच्या खेळातली ओळ न् ओळ कारखान्यातला प्रोग्रॅम तपासावा तशी तपासत होता. तलवार खोटी आहे म्हणून चुकीला सूट दिली नाही. आपण करतो ते कुणीतरी इतकं नीट वाचावं असं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढं अभ्यासाला बसायचं बळ तिथून आलं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये गेमची १.२०.५ ही आवृत्ती आली आणि वस्तूंच्या पोटातली माहिती ठेवायची पद्धतच बदलली. आमच्या छुप्या खुणा गेमला दिसेनाशा झाल्या. जूनमध्ये १.२१ आली, तिच्यात फोल्डरच्या नावातला शेवटचा एस गेला, म्हणजे जुनी फाइल गेम उघडूनही बघेना. त्याच आवृत्तीत नव्या जादू डेटापॅकमधूनच लिहिता येऊ लागल्या. वार बसला की वीज पाड, हे आता एका छोट्या फाइलीत सरळ सांगता येतं. आकडा मोजायला नको, शून्य करायला नको. तलवार मी नव्या पद्धतीनं लिहिली. विटा मात्र जुन्याच पद्धतीनं दुरुस्त केला आणि एका रविवारी लॅपटॉप घेऊन आप्पांकडं गेलो. आता ते सेटर आहेत, रात्रपाळी सुटली आहे.

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "दोर लांब हाय."

"तवापास्नं तेवढाच हाय आप्पा. सहा ब्लॉक."

"ठावं हाय. सहा मीटर दोर कुठं असतोय विट्याला? दांड्याएवढा दोर असतोय. तवाच सांगणार हुतो. पर तू लई खुशीत हुतास."

सगळ्या ओळी तपासणाऱ्या माणसानं एवढी एक चूक पाच वर्षं पोटात ठेवली होती. मी त्यांना गेमची अडचण सांगितली: तलवारच तीन ब्लॉकपर्यंत पोचते, मग दोर तीनवर आणला तर विटा फेकायचा कशाला? लांब जात नसेल तर त्याचा फायदा काय?

आप्पांनी मनगट फिरवून हवेत हिसडा दिला, आजोळच्या तालमीत देत असतील तसा. "फायदा लांबीचा न्हवंच. भाला फेकला की हात रिकामा. विटा फेकला तरी हात रिकामा ऱ्हात न्हाई. दोर आखूड, तेवढं लवकर परत."

मी फाइल उघडली. सहाच्या जागी तीन लिहिलं, लॉयल्टी सगळ्यात वरच्या पातळीला नेली, रीलोड दिलं. आप्पांनी खुर्ची पुढं ओढली, चष्मा सारखा केला.

"हं. आता फेक बघू."